आकाशांतील खळगे

विमानप्रवासाच्या गोष्टी निघाल्या कीं, दोन-तीन वेळां मुंबई-दिल्ली करून आलेला मनुष्यही मोठ्या अधिकारानें सांगतो, “मध्येंच एक खळगा लागला आणि विमान एकदम पांचशें फूट खालीं गेलें!” ऐकणारे डोळे विस्फारतात, आणि घरांतील वडीलधारी मंडळी मनांतल्या मनांत ठरवून टाकतात कीं, आपली आगगाडीच बरी. ‘एअर पॉकेट’ हा शब्द वर्तमानपत्रांनीं इतका रूढ करून ठेवला आहे कीं, आकाशांत ठिकठिकाणीं हवा नसलेले रिकामे कप्पे आहेत, आणि दोर तुटलेली बादली विहिरींत जावी तसें विमान त्यांत जातें, हें चित्र सुशिक्षित घरांतूनही पक्कें बसलेलें आढळतें. मुलेंनातवंडें परदेशीं असल्यामुळें ज्यांना उतारवयांत विमानाची पायरी चढावी लागते, त्यांच्या तर झोपेंतही हा खळगा येतो.

हें चित्र मुळांतच चुकीचें आहे. पृथ्वीभोंवतींच्या हवेंत असा रिकामा कप्पा कोठेंही नाहीं. हवा ही वाहती वस्तु आहे. एखाद्या ठिकाणीं तिचा दाब किंचित् कमी झाला कीं भोंवतालची हवा तिकडे धांव घेते, आणि त्यालाच वारा म्हणतात. पोकळी तयार होईपर्यंत ती वाट पाहत बसत नाहीं. विमान हेलकावे खातें तें हवा नसल्यामुळें नव्हे, तर हवा आहे आणि ती स्वस्थ नाहीं म्हणून. हवेच्या या अस्वस्थतेला शास्त्रांत संक्षोभ म्हणतात.

याचा पुरावा पाहावयास विमानांत बसण्याचें कारण नाहीं. चैत्र-वैशाखांतल्या दुपारीं वैजापूरच्या बाहेर, रोटेगांव स्टेशनाच्या वाटेवर दोन घटका उभें राहिलें तरी पुरे. एका बाजूस नांगरून उन्हांत तापत टाकलेलें काळें रान, दुसऱ्या बाजूस विहिरीच्या पाण्यावर हिरवा राहिलेला चाऱ्याचा तुकडा, आणि आणखी पलीकडे तलावाचें पाणी. ऊन सर्वांवर सारखेंच पडतें. परंतु काळी जमीन जितकी तापते तितकें हिरवें शेत तापत नाहीं, आणि पाणी तर त्याहूनही कमी तापतें. तापलेल्या रानावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा भरावयास बाजूची थंड हवा खालीं उतरते. चढत्या हवेला गिरकी मिळून तिनें धूळ-पाचोळा उचलला कीं तीच वावटळ. धूळ नसेल तर चढती हवा दिसत नाहीं, एवढेंच. मग तिची जागा घारीला विचारावी. घार पंख न हलवितां वर वर चढत जाते ती या चढत्या हवेच्या खांबावर बसूनच; थोडी बाजूला सरली कीं तीच घार खालीं येऊं लागते. आपण खळग्यांत पडलों असें घार म्हणत नाहीं; ती वळते आणि पुन्हां चढत्या हवेंत शिरते.

हा खांब साधारणपणें सेकंदाला २ ते ५ मीटर वेगानें वर जात असतो. घारीला जो सुखाचा झोपाळा, तोच विमानाला गचका कां होतो? फरक वेगाचा आहे. उतरण्याच्या बेतांत असलेलें विमानही तासाला २५० ते ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७० ते ८० मीटर पुढें जात असतें. दोनशें-अडीचशें मीटर रुंदीचा खांब तें तीन सेकंदांत ओलांडतें आणि लगेच उतरत्या हवेंत शिरतें. नांगरटीवरून बैलगाडी नेली तर ती सावकाश वर-खालीं होते. त्याच नांगरटीवरून मोटार दामटली तर आंतल्यांचीं डोकीं टपाला लागतात. नांगरट तीच. म्हणूनच वैजापूरकरांना जवळच्या असलेल्या दोन विमानतळांवर, छत्रपति संभाजीनगरच्या चिकलठाण्याला किंवा शिर्डीजवळच्या काकडीला, उन्हाळ्यांत भर दुपारीं उतरणाऱ्या विमानाला शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत जे हिसके बसतात, ते सकाळीं लवकर उतरणाऱ्या विमानाला बहुधा बसत नाहींत. सकाळीं जमीन तापलेली नसते, याखेरीज त्यांत दुसरें रहस्य नाहीं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूला टपाल आणलें, तें एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानांतून. त्या काळचीं विमानें कांहीं हजार फुटांवरून, म्हणजे जमिनीच्या तापलेल्या श्वासांतूनच उडत. गचके हा त्या प्रवासाचा नित्याचा भाग होता. हवेंत ‘पॉकेट’ आहेत ही कल्पना विमानविद्येच्या अशा बाल्यावस्थेंतली आहे. आज प्रवासी विमानें ३५ ते ४० हजार फुटांवरून जातात, हवेचें शास्त्रही पुष्कळ पुढें गेलें आहे. शब्द तेवढा मागें राहिला.

शब्दाबरोबर आंकडेही फुगतात. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापूरला जाणारें एक बोईंग ७७७ विमान ब्रह्मदेशावरून, म्हणजे आजच्या म्यानमारवरून, ३७,००० फुटांवर चाललें असतां त्यास तीव्र संक्षोभानें गांठलें. एक वृद्ध ब्रिटिश प्रवासी दगावला, कित्येकांच्या डोक्यांना व पाठीच्या कण्यांना इजा झाली, आणि विमान बँकॉकला उतरविण्यांत आलें. दुसऱ्या दिवशींच्या बातम्यांतून विमान ६,००० फूट कोसळल्याचें जगभर प्रसिद्ध झालें. सिंगापूरच्या चौकशी खात्यानें विमानांतील नोंदयंत्रें तपासून जी हकीकत पुढें मांडली ती निराळी होती. विमान प्रथम चढत्या हवेनें थोडें वर उचललें गेलें आणि मग ४.६ सेकंदांत १७८ फूट, म्हणजे सुमारें ५४ मीटर, खालीं आलें. ६,००० फुटांचा उतार खरा. परंतु तो सुमारें पाव तासानें, वैमानिकांनीं स्वतः, ठरवून आणि सावकाश, बँकॉककडे वळतांना केलेला होता. घाबरून पळणारा मनुष्य आणि पायऱ्या उतरणारा मनुष्य यांत भेद न करणाऱ्या बातमीदाराला काय म्हणावें?

मग अवघ्या १७८ फुटांत इतकी हानि कशी झाली? येथेंच सर्व विषयाचें मर्म आहे. हानि किती फूट खालीं आलें यानें होत नाहीं. किती झटक्यानें आलें यानें होते. त्या विमानांत ०.६ सेकंद एवढ्या अवधींत वजनाचा जोर खालच्या दिशेनें १.३५ पट होता तो उलटून वरच्या दिशेनें १.५ पट झाला. या आंकड्यांचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, ६० किलो वजनाचा मनुष्य क्षणापूर्वीं आसनावर ८० किलोच्या भारानें दाबला जात होता, तोच डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच ९० किलोच्या जोरानें छताकडे ओढला गेला. कमरेला पट्टा असेल तर तो जोर पट्ट्यावर येतो. पट्टा नसेल तर डोकें छताला लागतें. आणि खरें पाहिलें तर मनुष्य वर उडालाच नाहीं. तो आपल्या पूर्वीच्या गतीनें तेथेंच राहिला. विमान खालीं सरकलें आणि छत त्याच्या डोक्यावर येऊन आदळलें. थांबलेली बैलगाडी एकदम पुढें निघाली कीं उभा मनुष्य मागें पडतो, तोच हा नियम. येथें दिशा तेवढी बदललेली.

पुढच्याच कांहीं सेकंदांत जोर पुन्हां पहिल्या दिशेस वळला, आणि जीं माणसें वर होतीं तीं खालीं आसनांच्या दांड्यांवर आदळलीं. एका गचक्यांत दोन मार बसतात ते असे.

मराठी प्रवाशांना याहून जवळचें उदाहरण १ मे २०२२ चें आहे. महाराष्ट्रदिनाच्या सायंकाळीं मुंबईहून बंगालमधील दुर्गापूरला निघालेलें विमान उतरावयास लागलें असतां वादळी हवेंत सांपडलें. दहांहून अधिक प्रवासी जखमी झाले. त्यांपैकीं एकाचा कांहीं महिन्यांनीं अंत झाला. विमान मात्र धांवपट्टीवर सुखरूप उतरलें. सिंगापूरच्या विमानाची गोष्ट तीच. अमेरिकेंत २००९ ते २०१८ या काळांत प्रवासी विमानांचे जेवढे अपघात नोंदले गेले, त्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक संक्षोभामुळें झालेले होते. आणि त्यांपैकीं बहुतेकांत माणसें जायबंदी झालीं, विमानाला ओरखडाही आला नाहीं. त्याच देशांत २००९ पासून २०२२ पर्यंत संक्षोभानें गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांत १२९ जण विमानांतील सेवकवर्गापैकीं होते, प्रवासी अवघे ३४. प्रवासी पुष्कळ आणि सेवक मूठभर असतांना हें प्रमाण उलटें कां व्हावें? कारण प्रवासी बहुधा बांधलेले असतात आणि सेवक चहाच्या गाड्यासह उभे असतात.

भीति चुकीच्या ठिकाणीं बसली आहे ती ही. लोक विमानाची काळजी करतात आणि पट्टा सोडून ठेवतात. दिवा विझला, ‘टुण्’ असा आवाज आला, कीं सगळ्या विमानांत पट्टे सुटल्याचा खटाखट आवाज उठतो. जणूं पट्टा हा उड्डाण व उतरण या दोन समारंभांपुरता बांधावयाचा शेला आहे! दिव्याचा अर्थ एवढाच कीं, आतां उठण्यास मोकळीक आहे. बसलेल्या माणसानें पट्टा सोडावा असा त्याचा अर्थ कधींच नव्हता. झोपतांना पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे तो बांधला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सेविकेला झोपमोड करावी लागत नाहीं.

मांडीवरच्या मुलाची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तेथें गैरसमज मायेचा आहे. दोन वर्षांखालील मूल आईच्या मांडीवर बसतें, आणि “मी घट्ट धरलें आहे कीं!” असें प्रत्येक आईला मनापासून वाटतें. दहा किलोचें मूल कडेवर घेऊन ती तास तास वावरते, हें खरें. परंतु कडेवरचें मूल खालीं ओढत असतें आणि तें ओढणें तिच्या हातांच्या सवयीचें असतें. वर सांगितल्यासारख्या गचक्यांत तेंच मूल अर्ध्या सेकंदांत पंधरा किलोच्या जोरानें वर ओढलें जाईल. त्या दिशेनें धरण्याची सवय कोणत्याच हातांना नाहीं, आणि तो क्षण येण्यापूर्वीं कोणी सूचनाही देत नाहीं. मुलासाठीं वेगळा छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यांत अडकवावयाचा असतो. मूल रडतें, अंग आंखडतें, म्हणून तो सोडून ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती घरांतल्या आजीनें मोडावी. सुनेपेक्षां तिचा शब्द अशा वेळीं अधिक चालतो.

आतां विमानाच्या पंखांविषयीं. खिडकीपाशीं बसलेल्याला पंखाचें टोंक वर-खालीं लवतांना दिसतें आणि तें आतां मोडणार असें वाटतें. न लवणारा पंखच मोडण्याचा संभव अधिक. वेत वांकतो म्हणून टिकतो. जानेवारी १९९५ मध्यें बोईंग कंपनीनें नव्या ७७७ विमानाचे पंख यंत्रांनीं मुद्दाम वर ओढून मोडून पाहिले. सेवेंत असतां जास्तींत जास्त जेवढा भार येईल असें धरलें होतें, त्याच्या १५४ टक्के भारापर्यंत ते टिकले, आणि मोडण्यापूर्वीं त्यांचीं टोंकें सुमारें २४ फूट वर वांकलीं होतीं. खिडकींतून दिसणारें लवणें त्यापुढें कांहींच नव्हे. संक्षोभानें विमान मोडलेंच नाहीं असें नाहीं. ५ मार्च १९६६ रोजीं जपानांतील फुजी पर्वताजवळ एक बोईंग ७०७ विमान पर्वतावरून उसळलेल्या वाऱ्यांत सांपडून आकाशांतच मोडलें आणि त्यांतील सर्व १२४ जण मृत्युमुखीं पडले. परंतु अशीं उदाहरणें विरळ आणि जुनीं आहेत. पर्वतांच्या वाऱ्याखालच्या बाजूस जपून जावें हें ज्ञान तशाच अनुभवांतून आलें.

संभाजीनगर, गंगापूर, वैजापूर या बाजूच्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या मनांत विमान म्हटलें कीं २६ एप्रिल १९९३ ची दुपार उभी राहते, आणि तें स्वाभाविकच आहे. तेव्हांच्या औरंगाबादेहून, चिकलठाण्याच्या धांवपट्टीवरून उठणारें बोईंग ७३७ विमान पट्टीच्या टोंकापलीकडे बीड रस्त्यावर कापसाच्या गांठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकलें आणि पुढें विजेच्या तारांना लागून पडलें. ११८ जणांपैकीं ५५ जण गेले. पुढें सांगोवांगीं त्या दुर्घटनेलाही ‘हवा’ चिकटविणारे भेटतात. चौकशींत ठपका आला तो विमान जमिनीवरून उचलण्यास झालेल्या विलंबावर आणि रस्त्यावरची रहदारी न रोखण्यावर. त्या दिवशीं घात झाला तो जमिनीवर.

आणखी एक समज असा कीं, आकाश निरभ्र असलें म्हणजे प्रवास शांत. ढग हे हवेच्या हालचालीचें एक चिन्ह आहे, एकमेव नव्हे. वळिवाचा गर्जन्मेघ दुरून दिसतो, विमानांतील रडारलाही दिसतो, आणि वैमानिक त्याला मोठा वळसा घालून जातो. त्या मेघांत काय असतें याची कल्पना २१ मे २०२५ रोजीं दिल्लीहून श्रीनगरला जाणाऱ्या विमानाला आली. गारांनीं त्याचें नाक चेपून गेलें, तरी तें सुखरूप उतरलें. पण रडारला दिसतात ते पावसाचे थेंब आणि गारा. कोरडी हवा त्याला दिसत नाहीं. हिंवाळ्यांत उत्तर हिंदुस्थानावर सुमारें बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड झोतवारा वाहतो. त्याच्या कडेला, वेगवान हवा आणि मंद हवा एकमेकींना घासतात तेथें, भोंवरे उठतात. पुरांत नदीच्या मुख्य धारेच्या कडेला उठतात तसेच. वर निळें आकाश, खालीं गव्हाचीं हिरवीं शेतें, आणि पेल्यांतला चहा अंगावर! सह्याद्रीचाही आपला एक हिस्सा आहे. नदीच्या पात्रांतील खडकावरून गेलेलें पाणी खडक संपल्यावरही कांहीं अंतर लाटा घेत जातें, तद्वत् पावसाळ्यांतला पश्चिम वारा घाटमाथा ओलांडून इकडे उतरल्यावर लाटा घेतो. मुंबईहून मराठवाड्याकडे येणाऱ्या विमानाची वाट त्यांतूनच जाते. अशा वेळीं रडारपेक्षां पुढच्या विमानाचा निरोप अधिक उपयोगी पडतो. ज्याला गचके बसले तो वैमानिक तें नियंत्रकाला कळवितो, आणि मागचा आपली उंची बदलून घेतो.

इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें उत्तर अटलांटिक महासागरावरच्या एका ठरावीक बिंदूवर अशा निरभ्र आकाशांतील तीव्र संक्षोभाचे तास १९७९ मध्यें वर्षाला १७.७ होते ते २०२० मध्यें २७.४ झाले. हवामान तापत चालल्याचा हा एक परिणाम. वर्षाच्या ८,७६० तासांत हे तास अजूनही थोडेच; तथापि ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांची वाट पुष्कळदां त्याच समुद्रावरून जाते.

गचके सुरू झाले कीं इंजिनाचा आवाज उतरतो, आणि इंजिन बंद पडलें असें वाटून लोक एकमेकांकडे पाहूं लागतात. वैमानिकानें वेग कमी केलेला असतो. खराब रस्त्यावर मोटार हळू घ्यावी तसा. या कामीं प्रत्येक विमानासाठीं ठराविक वेग सांगितलेला असतो. कधीं तो स्वयंचालक यंत्रणा दूर करून विमान हातीं घेतो, तेंही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. उंची थोडी वर-खालीं होऊं द्यावी आणि विमान समतोल ठेवावें, असा त्याचा रोख असतो; प्रत्येक गचक्याशीं झुंजत बसणारा वैमानिक कच्चा.

राहतां राहिला प्रश्न आसनाचा. विमान आपल्या भारमध्याभोंवतीं डोलतें, आणि तो पंखांजवळ असतो. झोपाळ्याच्या फळीप्रमाणें शेवटाकडचीं माणसें अधिक हालतात. म्हणून ज्यांना मळमळतें त्यांनीं पंखांजवळची रांग मागून घ्यावी आणि शेपटाकडची टाळावी. मोठ्या, जड विमानापेक्षां लहान विमानाला हवेची प्रत्येक लहर अधिक जाणवते. लहान गांवांना जाणारीं पंख्याचीं विमानें तर कमी उंचीवरूनच जातात; त्यांना वैशाखांत काळ्या रानाची ऊब पुष्कळ वेळ खालून लागत राहते, आणि त्यांतलें सकाळचें तिकीट दुपारच्या तिकिटापेक्षां चार पैसे महाग पडलें तरी घ्यावें.